थीसिसमध्ये ‘काहीच आलं नाही’ तेव्हा

“मॅडम, सिग्निफिकंट काहीच आलं नाही. थीसिस वाया गेला.” कम्युनिटी मेडिसिनची, एमपीएचची (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीची) मुलं सबमिशनच्या तोंडावर हेच गाऱ्हाणं घेऊन येतात. त्यांतल्या एकीबद्दल लिहिते. नाव बदललंय.

मृणालचा विषय होता शाळकरी मुलींमधला रक्तक्षय. आठवड्याची निळी लोहगोळी घेणाऱ्या मुलींचं हिमोग्लोबिन जास्त भरेल, असा तिचा अंदाज. प्रत्यक्षात फरक नगण्य. पी व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगानं निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.०५च्या बरीच वर; ती त्याखाली असली तरच निष्कर्ष ‘सिग्निफिकंट’ म्हणतात. झोप उडालेली, गाइडचे फोन टाळणं चालू, आणि रात्र रात्र बसून वेगवेगळे गट पाडून ‘कुठे काही निघतंय का’ हे पाहणं.

मी म्हटलं, “फरक दिसला असता तर बरं झालं असतं. पण दिसायलाच हवा, असा हट्ट का?”

“मग मी वर्षभर केलं काय?”

“मुली गोळ्या खायच्या का गं?”

ती गप्प झाली. मग हळूहळू सांगू लागली. रजिस्टरमध्ये सगळ्यांच्या नावापुढे बरोबरच्या खुणा. पण एका आश्रमशाळेत वर्गाच्या खिडकीखाली, गवतात, निळ्या गोळ्या पडलेल्या तिनं पाहिल्या होत्या. उपाशीपोटी मळमळतं, असं मुली म्हणाल्या होत्या.

“हे लिहिलंस कुठे?”

“प्रश्नावलीत तो प्रश्नच नव्हता.” आणि पुढच्याच क्षणी, “अय्या, म्हणजे मी गोळ्या नाही, खुणा मोजल्या!”

संख्याशास्त्रातलं मला फारसं कळत नाही. प्रश्न कधी विचारायचा ते कळतं. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर माझा विश्वास आहे तो अशा प्रसंगांमुळेच. इच्छेचा हट्ट झाला की माणसाला स्वतःच्याच डोळ्यांसमोरचं दिसेनासं होतं. हट्ट सुटल्यावर मृणालमधली संशोधक जागी झाली. एका शाळेतलं दृश्य म्हणजे पुरावा नव्हे, हेही तिनंच मला बजावलं! चर्चेच्या प्रकरणात तिनं ते तेवढ्याच मर्यादेत मांडलं.

गट पाडत बसण्याचा मोह मात्र आवरा. २० कसोट्या लावल्या तर एखादी निव्वळ योगायोगानं ०.०५च्या खाली उतरू शकते. त्यापेक्षा अंदाज चुकला तर तो सोडायला शिका. १८५४च्या लंडनमधल्या कॉलऱ्यात, साथ ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या पाण्यातून पसरते असं डॉक्टर जॉन स्नो म्हणत होता. हेन्री व्हाइटहेड हा पाद्री त्याचं म्हणणं खोडून काढायला घरोघर फिरला. माहिती त्या पंपाकडेच बोट दाखवू लागली, तेव्हा त्यानं ते मान्य केलं. म्हणून तर आज साथरोगशास्त्रात स्नोबरोबर त्याचंही नाव घेतात.

सिनॉप्सिस (थीसिसचा सुरुवातीचा आराखडा) लिहिता लिहिताच ‘फरक दिसला नाही तर मी काय लिहीन?’ यावर एक परिच्छेद लिहून गाइडला दाखवा. तो जमत नसेल, तर प्रश्नावली अजून अपुरी आहे. गावात जाण्याआधी ती दुरुस्त करा.