पाण्यापासून हायड्रोजन मिळतो, तर गाडी थेट पाण्यावर का चालत नाही?

पाणी हे हायड्रोजन जळल्यानंतर उरणारे द्रव्य आहे. त्यामुळे त्याचे विघटन करताना जेवढी ऊर्जा द्यावी लागते, त्याहून अधिक ऊर्जा तो हायड्रोजन पुन्हा जाळून कधीच मिळत नाही. निकोल्सन आणि कार्लाइल या इंग्रज संशोधकांनी १८०० साली विजेने पाण्याचे विघटन केले, तेव्हाही हिशेब हाच होता. एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे ९ लिटर पाणी आणि सैद्धांतिकदृष्ट्या ३९ युनिट वीज लागते. प्रत्यक्ष संयंत्रात मात्र उष्णतेच्या रूपाने होणारा अपव्यय धरून ती ५० ते ५५ युनिटांपर्यंत जाते आणि पुढे इंधनघटातही (हायड्रोजनपासून गाडीत पुन्हा वीज बनवणाऱ्या उपकरणात) बरीच ऊर्जा वाया जाते. म्हणून ‘पाण्यावर चालणाऱ्या गाडी’चा दावा करणाऱ्याला (असे दावे अधूनमधून होतच असतात) वीज कोठून आणली, एवढेच विचारावे. ती कोळशाची असेल, तर धूर गाडीऐवजी वीजकेंद्राच्या चिमणीतून निघतो. छोट्या मोटारींसाठी मला बॅटरीच सरस वाटते. खतांसाठी अमोनिया बनवताना मात्र हायड्रोजन लागतोच, आणि तो आज बहुतांशी नैसर्गिक वायूपासून मिळवला जात असल्याने, सौर किंवा पवनविजेवर तयार केलेल्या हायड्रोजनचा खरा उपयोग प्रथम तेथे आहे.