जुन्या लॅपटॉपवर विंडोज ७ काढून विंडोज १० टाकलं, आता डीव्हीडी चालत नाही. सोबत आलेला प्लेअर पैसे भरून अपग्रेड करू का?

नका करू, व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर फुकट आहे आणि तुमचं काम त्यात होईल. डीव्हीडीवरचा व्हिडिओ एमपेग-२ प्रकारचा असतो. तो उलगडणारा डीकोडर विंडोज ७ च्या होम प्रीमियममध्ये होता, पण विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टनं तो काढून टाकला. म्हणजे ड्राइव्ह बिघडलेला असेलच असं नाही. घरच्या २०१० च्या लॅपटॉपवर मी हेच केलं, २ जीबी रॅमवरही सिनेमा अडखळत नाही. व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या मूळ साइटवरूनच उतरवा (नावाशी मिळतीजुळती पानं भलतंच काहीतरी सोबत चिकटवतात). मग 'मीडिया' मेनूत 'ओपन डिस्क', 'डीव्हीडी' निवडा आणि 'प्ले' दाबा. माणसं हलताना कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर कीबोर्डवरचं 'डी' दाबा, जातात.

मात्र डीव्हीडी परदेशातून आणलेली असेल तर रीजन कोड (डिस्क जगाच्या कोणत्या भागात चालावी हे ठरवणारा आकडा) आडवा येऊ शकतो. भारताचा ५, अमेरिकेचा १. व्हीएलसी बहुतेक वेळा त्यातूनही वाट काढतं, सगळ्या ड्राइव्हवर नाही. तसं झालं तर विंडोजमध्ये ड्राइव्हचा रीजन बदलता येतो, पण ते सहज म्हणून करू नका: ड्राइव्हचा रीजन एकूण ५ वेळाच बदलता येतो, नंतर शेवटचा तोच कायमचा.