वेंडी रेनार यांना महान बचावपटू का मानले जाते?

गोल न करणाऱ्या खेळाडूची कारकीर्द मोजायची कशी, असा या प्रश्नामागचा रोख दिसतो. पण फ्रान्सच्या महिला फुटबॉलपटू रेनार यांनी गोलही भरपूर केले आहेत. 1990 मध्ये कॅरिबियनमधील मार्टिनिक या फ्रेंच बेटावर जन्मलेल्या रेनार आठ वर्षांच्या असताना त्यांचे वडील वारले. पुढे क्लेअरफाँतेन येथील फ्रान्सच्या राष्ट्रीय फुटबॉल प्रशिक्षण केंद्राच्या निवड चाचणीत त्यांना नाकारण्यात आले, आणि त्यानंतर 2006 मध्ये लियाँ क्लबने त्यांना घेतले. पुढची अनेक वर्षे त्या याच क्लबकडून खेळल्या. 2011 ते 2022 या काळात त्यांनी लियाँकडून आठ वेळा चॅम्पियन्स लीग ही युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकली, आणि त्यांपैकी 2011 च्या अंतिम सामन्यात पॉट्सडॅम या जर्मन क्लबविरुद्धचा पहिला गोल त्यांचाच होता.

त्यांची उंची सुमारे 1.87 मीटर आहे. मात्र केवळ उंचीवर डोक्याने गोल करणे साधत नाही, चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखून उडी घ्यावी लागते. 2023 च्या महिला विश्वचषकात फ्रान्सची ब्राझीलविरुद्ध 1-1 अशी बरोबरी असताना, 83 व्या मिनिटाला कॉर्नरवर दूरच्या खांबाजवळ मोकळ्या राहिलेल्या रेनार यांनी डोक्याने विजयी गोल केला. विशेष म्हणजे, त्याच वर्षी फेब्रुवारीत राष्ट्रीय संघाच्या कर्णधार असूनही, संघातील व्यवस्थेशी न पटल्याने त्यांनी विश्वचषक न खेळण्याचे जाहीर केले होते. मार्चमध्ये प्रशिक्षक बदलल्यावरच त्या परतल्या. कर्णधाराने असा धोका पत्करणे मला तरी त्यांच्या पदकांइतकेच मोलाचे वाटते.