रॅव्हन नाही, डोमकावळा आहे. आणि फांदीसाठी अर्ज लेखीच द्या

ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. सुदामा नगरात घरासमोरच्या कडुनिंबावर अख्खा काळा, दांडगा कावळा घरटं करून बसलाय, शेजारी म्हणतात रॅव्हन (कावळ्याचाच मोठा भाऊबंद) आहे, डोक्यावर झडप घालतो म्हणून फांदीच तोडून टाकू. आमच्या गल्लीत अगदी हेच झालं होतं.

रॅव्हन आपल्या इंदूरला कुठला, तो हिमालयात नाहीतर बिकानेर-कच्छच्या कोरड्या भागात. तुमचा डोमकावळा असणार, म्हणजे राखाडी मान नसलेला, अख्खा काळा कावळा. पण नुसत्या मानेवर जाऊ नका, सावलीत साध्या कावळ्याची राखाडी मानही काळी दिसते. चोच बघा, डोमकावळ्याची जाड आणि वरून कमानदार, तिच्यामागे कपाळ एकदम उभं चढतं. रॅव्हनची शेपटी उडताना खालून पाचरीसारखी दिसते, याची गोलसर. आणि लाल डोळा, फिकट हिरवट चोच दिसली तर तो कोकीळ, कावळ्यांना घरट्यावरून हुसकायला तोच मुद्दाम समोर येतो आणि तेवढ्यात मादी अंडं घालून जाते.

आता फांदीचं. मी वकील नाही, पक्षीतज्ज्ञ तर नाहीच, तरी हे नीट वाचा. गेल्या उन्हाळ्यात मी एका ऑफिसात गेले होते, की पिल्लं उडेपर्यंत तरी छाटणी थांबवा. तिथले बाबू म्हणाले कावळा उंदरांच्या यादीत येतो, त्याच्यासाठी कसला अर्ज, आणि कागद हातातही न घेता परत पाठवलं. दोन दिवसांनी फांदी खाली. निळसर हिरवी, तपकिरी ठिपक्यांची अंडी रस्त्यावर फुटलेली आणि दोघं कावळे अंधार पडेपर्यंत त्याच जागेवर ओरडत होते. मला अजून संताप येतो, कारण ती यादी तेव्हा उरलीच नव्हती! १९७२ च्या वन्यजीव कायद्यात साधा कावळा उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता हे खरं, पण २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच काढली आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहे. बरं, ती यादी होती तेव्हाही त्यात साधा कावळा होता, डोमकावळा नाही. म्हणून ओळख आधी पक्की करा.

तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. घरट्याचा तारखेसकट फोटो, लेखी अर्ज, आवकचा शिक्का मारलेली प्रत, आणि नाही म्हणाले तर नकारही लेखी मागा. माझ्या मते शेजाऱ्यांशी भांडण्यापेक्षा हे जास्त कामाचं, बाकी तुमच्या कॉलनीचं तुम्हाला माहीत. महिना-दीड महिन्यात पिल्लं उडतात, तोवर छत्री घेऊन जा, झडप बहुतेक मागूनच येते.

पिल्लू खाली पडलं तर घरी नेऊ नका, जवळच्या फांदीवर ठेवा, आईबाप भरवतात. पण एका जागी बरेच कावळे मेलेले दिसले तर अजिबात हात लावू नका, पशुपालन विभागाला कळवा. २०२० च्या डिसेंबरअखेरीस इथल्याच मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू निघाला होता.