नवी मुंबई विमानतळावरून आंतरराष्ट्रीय उड्डाणं वाढायला वेळ का लागतो? नाशिकहून परदेशी जाणाऱ्याने आता तिकीट कुठलं काढावं?

तुमचा प्रश्न असा आहे की एवढं मोठं विमानतळ उभं राहिलं, मग दुबई-लंडनची विमानं पहिल्या दिवसापासून तिकडे का नाहीत, आणि नाशिककराने सहारला, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावर जायचं, की उलव्याला, म्हणजे नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर.

आधी मुंबईची अडचण बघा. सहारला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. तासाला साधारण 46 उड्डाणं-उतरणं, म्हणजे सुमारे 78 सेकंदांना एक. यापुढे कितीही काच-संगमरवर लावला तरी विमानं वाढत नाहीत. नवी मुंबईत 1160 हेक्टर जागा आहे आणि अंतिम आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत, दोन्ही एकाच वेळी चालवता येतील इतक्या अंतरावर. मात्र पहिल्या टप्प्यात 3700 मीटरची एकच धावपट्टी, एक टर्मिनल आणि वर्षाला 2 कोटी प्रवाशांची क्षमता. 9 कोटींचा जो आकडा बातम्यांत येतो, तो सगळे टप्पे पूर्ण झाल्यावरचा.

प्रवासी सेवा 25 डिसेंबर 2025 ला देशांतर्गत विमानांनी सुरू झाली आणि ते रीतसरच आहे. लांब पल्ल्याचं मोठं विमान फक्त मुंबईकरांवर भरत नाही. त्यातले बरेच प्रवासी नागपूर, इंदूर, अहमदाबादहून येऊन विमान बदलणारे असतात. ती जोडविमानं सहारला असतील तर परदेशी कंपनी एकटी उलव्याला कशाला येईल? शिवाय कुठल्या देशाच्या कंपनीने भारतात आठवड्याला किती फेऱ्या करायच्या, हे दोन सरकारांच्या करारावर ठरतं. नवं टर्मिनल बांधलं म्हणून तो कोटा वाढत नाही.

हे विसरलं की काय होतं ते कॅनडातल्या मॉन्ट्रियलने दाखवलं. 1975 ला मिराबेल विमानतळ उघडून आंतरराष्ट्रीय विमानं तिकडे हलवली, देशांतर्गत मात्र जुन्या डॉर्व्हलला ठेवली. विमान बदलणारा प्रवासी टोरंटोकडे वळला आणि 2004 मध्ये मिराबेलची प्रवासी सेवाच बंद पडली. म्हणून नवी मुंबईत आधी देशांतर्गत जाळं विणायचं हा क्रम मला योग्य वाटतो, भले उद्घाटनाच्या जाहिराती काहीही म्हणोत.

आता तिकिटाचं. सर्चमध्ये नुसतं ‘मुंबई’ टाकलं की दोन्ही विमानतळं येऊ शकतात. कोड बघा: सहारचा बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे एका विमानाने एनएमआयला उतरून दुसऱ्या, वेगळ्या तिकिटावर बीओएमहून निघणं. मधलं अंतर 35-40 किलोमीटर, पण ते मुंबईच्या ट्रॅफिकमधले किलोमीटर. तिकिटं वेगळी असली तर सामान तुम्हालाच वाहायचं आणि पुढचं विमान चुकलं तर कंपनीची जबाबदारी शून्य. अशा वेळी मध्ये सहा तास तरी ठेवा. नाहीतर तो बेतच सोडा.

भाड्याची तुलना करताना विमानतळ शुल्क धरलेली अंतिम रक्कम बघा. नवी मुंबईला देशांतर्गत निघणाऱ्या प्रवाशामागे सुरुवातीला 620 रुपये वापर शुल्क ठरवलं होतं, सहारपेक्षा बरंच जास्त.

नाशिकहून गाडीने जायचं तर समृद्धीवरून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत कसारा घाट टळतो. खरी परीक्षा तिथून पुढे. वडपे, रांजणोली, माणकोली हा पट्टा, मग मुंब्रा बायपास आणि शिळफाटा. शिळफाट्यावरून एकतर महापे-बेलापूर मार्गे उलवे, नाहीतर तळोजा-कळंबोली. कंटेनरची रांग लागली की या पट्ट्यात दीड तास सहज जातो. म्हणून साडेतीन-चार तासांच्या प्रवासाला पाच तास धरा, पावसाळ्यात सहा. रेल्वेने नाशिकरोडहून ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बर लोकलने नेरूळ किंवा पनवेल, पुढे टॅक्सी. मोठ्या बॅगा असतील तर सकाळच्या गर्दीत हा मार्ग मुळीच नको.

तिसरा पर्याय लोक विसरतात, तो म्हणजे नाशिकचंच ओझर विमानतळ. ओझर-दिल्ली आणि पुढचं परदेशी विमान एकाच तिकिटावर मिळत असेल तर सामान बहुतेकदा थेट शेवटपर्यंत जातं, इमिग्रेशन दिल्लीत होतं. परतताना मात्र दिल्लीत बॅग घेऊन कस्टम ओलांडून पुन्हा द्यावी लागते, त्यासाठी तीन तास तरी हवेत. युरोप-अमेरिकेसाठी हे भिवंडीच्या कोंडीपेक्षा सुखाचं. दुबई-मस्कतसाठी दिल्लीला जाणं म्हणजे उलटा फेरा, तिथे सहारच बरं.

विमान कंपन्यांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. नव्या आंतरराष्ट्रीय फेऱ्या बहुधा याच सुमारास येतात. तुमचा प्रवास या तारखांच्या आसपास असेल तर बुकिंगनंतरही विमानतळ आणि वेळ एकदा तपासा. फेरी सहारहून उलव्याला हलली तर कळवणारा ईमेल स्पॅममध्ये पडलेला असू शकतो.