दहा वर्षांनी पुन्हा एएनएमचं काम: जमेल का?

ताई, तुम्ही विचारलंय की २०१५ ला एएनएमचं (सहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचं) काम सोडलं, आता सासूबाईंचं आजारपण सरलं, मुलगाही मोठा झाला; पुन्हा वस्तीत फिरायचं जमेल का? मी सात वर्षं घरी बसून २०१९ ला इथे सोलापुरात परत रुजू झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कागद. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं, ते मार्गी लावा. जाहिरातीतली वयाची अटही नीट वाचा.

खरी धास्ती लसीकरणाची असते. तुमच्या वेळी गोवरची लस होती, आता गोवर-रुबेला (एमआर). धनुर्वाताच्या टीटीच्या जागी टीडी (धनुर्वात-घटसर्प) आलं. जुलाबावरची रोटा, न्यूमोनियावरची पीसीव्ही नवीन. माझ्या पहिल्याच सत्राला दीड महिन्याचं बाळ आलं. पोलिओची सुई, उजव्या दंडावर, कातडीत, ०.१ मिली. मी ती कधी दिलीच नव्हती. हाताला घाम फुटला. पण सुई कातडीलगत आडवी सरकवली आणि क्षयाच्या बीसीजी लशीला उठते तशीच पांढरी गाठ उठली, तेव्हा जीव भांड्यात पडला. हात विसरत नाही हो. कुपीचे नियम मात्र आठवणीवर सोडू नका. बीसीजी आणि एमआर द्रावकात मिसळल्यापासून ४ तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, बाद. पेंटा (पाच रोगांची एकत्र लस), टीडीची उघडलेली कुपी सगळ्या अटी पाळल्या तरच २८ दिवस. मेडिकल ऑफिसरांना विचारून दोन-तीन सत्रं नुसती शेजारी बसून बघा.

लसीकरणाच्या यू-विन पोर्टलवरच्या नोंदी आठवड्याभरात अंगवळणी पडतात.

गृहभेटीत तर तुम्ही नव्या मुलींपेक्षा उजव्या ठराल, हे मी मनापासून सांगते. आमच्याकडे विडी कामगारांच्या घरी मी दुपारीच जाते. सकाळी बाया विड्या द्यायला गेलेल्या असतात. मांडीवर सूप, हातात तेंदूचं पान, बोलतानाही बोटं थांबत नाहीत. तेलुगू घर असेल तर "बागुन्नारा?" एवढं विचारलं तरी चटई पुढे सरकते. खोकल्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "तंबाखूचा आहे सिस्टर, जुनाच आहे." तिथे उठायचं नाही. किती दिवस, रात्री घाम येतो का, ब्लाउज सैल झालाय का, असं एकेक विचारायचं. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर क्षयाच्या तपासणीसाठी थुंकीची डबी देऊनच निघायचं. सासूबाईंच्या उशाशी तुम्ही जागरणं केलीत, माणूस "काही नाही" म्हणतं तेव्हा काय लपवतं ते तुम्हाला कळतं.

नूतनीकरणात कुठे अडलात तर इथेच विचारा.