यकृत प्रत्यारोपणाआधी अँटीकार्डिओलिपिन अँटिबॉडीची तपासणी पॉझिटिव्ह आली, तर गुठळीचा धोका वाढतो का?

फक्त या एका रिपोर्टवरून घाबरू नका. यकृताच्या जुनाट आजारात, विशेषतः हिपॅटायटिस सी आणि दारूमुळे झालेल्या सिरॉसिसमध्ये, या अँटिबॉडी (चुकून आपल्याच शरीरातल्या घटकांविरुद्ध तयार होणारी प्रथिनं) अनेकांच्या रक्तात सापडतात. बहुतेक वेळा पातळी कमी असते. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (अशा अँटिबॉडींमुळे गुठळ्या होण्याचा आजार) म्हणायचं, तर किमान १२ आठवड्यांच्या अंतराने तपासणी पुन्हा पॉझिटिव्ह यावी लागते आणि आधी गुठळी किंवा गर्भपातासारखी घटना घडलेली असावी लागते.

ल्युपस अँटिकोॲग्युलंट या त्याच गटातल्या दुसऱ्या अँटिबॉडीचा रिपोर्ट तर जपूनच वाचावा. रक्त गोठवणारे बरेचसे घटक यकृतातच तयार होतात. ते कमी पडले की एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ, ज्यावरून ही अँटिबॉडी ओळखतात) तसाही लांबतो, मग दोष अँटिबॉडीचा की यकृताचा हे सांगणं कठीण होतं.

मात्र पूर्वी पोर्टल शिरेत (आतड्यांकडून यकृताला रक्त आणणाऱ्या शिरेत) गुठळी झाली असेल किंवा बड-कियारी (यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा बंद होण्याचा आजार) हेच प्रत्यारोपणाचं कारण असेल, तर हा रिपोर्ट नक्कीच गांभीर्याने घ्या. खरी भीती यकृत धमनीची. जेमतेम काही मिलिमीटर रुंदीची ही धमनी शिवून जोडलेली असते, आणि नव्या यकृताच्या पित्तनलिकांना रक्त मुख्यतः तिच्यातूनच मिळतं. ती बंद पडली तर नलिका सडतात, कधीकधी पुन्हा प्रत्यारोपण करावं लागतं. म्हणूनच सुरुवातीच्या दिवसांत डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) वारंवार करतात.

शस्त्रक्रियेआधी हिमॅटोलॉजिस्टना (रक्तविकारतज्ज्ञांना) जरूर भेटा. हिपॅरिन (गुठळी रोखणारं औषध) कधी सुरू करायचं आणि त्याच्या परिणामाचं मोजमाप एपीटीटीऐवजी अँटी-टेन-ए (हिपॅरिनचा परिणाम थेट मोजणाऱ्या) चाचणीने करायचं का, हे दोन प्रश्न स्पष्ट विचारा.